शुद्धीत आहे म्हणजे ठीक आहे?

मालवणातल्या बहिणीचा काल रात्री मेसेज: ‘दादा, ह्यां वाच. पोराक काय एक होवचा नाय.’ खाली गेले आठ दिवस गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरणारं ते फॉरवर्ड. कॅनडात आइस हॉकीत डोक्याला मार बसून होणारं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, का वाढलं, याची म्हणे कारणं: हेल्मेटमुळे डोकी नाजूक झाली, दूध-तुपाविना पोरं मऊ झाली, डॉक्टर ऊठसूट तेच निदान लिहितात. वर सल्ला: शुद्ध गेली नसेल तर लगेच खेळवा, भीती मोडते.

आधी हा सल्लाच घेतो, कारण भाच्याच्या जिवाशी खेळ तिथे आहे. परवा कबड्डीत चढाईला गेला असताना पकडीत कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. शुद्धीत होता. उठला, माती झटकली आणि ‘मामा, गुण किती झाले?’ असं पाच मिनिटांत तीनदा विचारलं. प्रशिक्षकांनी तोंडावर पाणी मारून पुन्हा चढाईला पाठवला! अहो, कन्कशनमध्ये बहुतेकांची शुद्ध जातच नाही. गोंधळणं, तेच तेच विचारणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, हीच तर लक्षणं. मेंदू सावरायच्या आत दुसरा फटका बसला तर क्वचित सूज येऊन जीवही जातो. कॅनडातच, ओंटारियोत, रोवन स्ट्रिंगर ही 17 वर्षांची रग्बी खेळाडू 2013 मध्ये अशीच गेली. तिच्या नावाने तिथे 2018 मध्ये कायदा झाला. फॉरवर्डवाल्याला कॅनडा ठाऊक, हे नाही.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आतला मेंदू धरून ठेवत नाही. नारळ कानाशी हलवून बघा, करवंटी शाबूत असते आणि पाणी डुचमळतंच.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 2010 साली 11-12 वर्षांच्या 2154 आइस हॉकी खेळाडूंचा अभ्यास आला. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अंगावर धडक मारायला मुभा होती, क्यूबेक प्रांतात मनाई. हेल्मेट दोन्हीकडे, दूधही दोन्हीकडे. सामन्यातली कन्कशन अल्बर्टात जवळजवळ चौपट. त्या वयोगटात ती धडक पुढे 2013 मध्ये कॅनडाभर बंद केली. मऊ पोरांचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

डॉक्टरांबद्दलचं थोडं खरं आहे, मानतो. पूर्वी ‘गरगरतंय’ म्हणून सोडून द्यायचे, आता नोंद होते, आकडा फुगतो. म्हणून मार खोटा ठरत नाही.

ताई, शनिवारच्या सामन्यासाठी मंडळाचा फोन आला तर मला दे.