बहिणीचा संदेश, तीन पायऱ्या खाली

सर्वप्रथम अभिनंदन. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यकारिणीवर तुम्ही निवडून आलात. गळकं छप्पर, पार्किंगचे पट्टे, पियानोचं ट्यूनिंग ही किरकोळ कामं होत राहतील. तुमची खरी जबाबदारी वेगळी आहे: मंडळीतल्या बायकांकडून सगळं काम करून घ्यायचं आणि त्यांतल्या एकीलाही पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणायचं नाही.

घाबरू नका, पूर्वजांनी वाट मळून ठेवली आहे. 1885 साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या, म्हणजे अशा मंडळ्यांच्या महासंघाच्या, अधिवेशनाला आर्कान्सामधून दोन बायका रीतसर प्रतिनिधी म्हणून आल्या. घटनेत शब्द होता 'सभासद', आणि बायका तर सभासद होत्याच. आली ना पंचाईत! मग घटनेतला 'सभासद' खोडून तिथे 'बंधू' लिहिण्यात आलं. एका शब्दात 1918 पर्यंतची सोय झाली.

1888 साली कन्व्हेन्शनमधल्या बायकांनी मिशनसाठी निधी जमवायला आपला संघ काढला. निधीला कोणाची हरकत नव्हती. पैसा व्याकरणानेच पुल्लिंगी आहे, तो बोलला तर चालतो. संघाचा वार्षिक अहवाल मात्र 1929 पर्यंत अधिवेशनात कोणीतरी बंधूच वाचून दाखवत असे. आपल्याकडच्या सरपंचपतींना ही पद्धत नव्याने शिकवायला नको.

आता रविवारचं बघू. एखादी बाई फारच चांगलं बोलते आणि लोकांना तिला ऐकायचंच आहे, असा बाका प्रसंग येतो. अशा वेळी व्यासपीठावरच्या त्या जड लाकडी पुलपिटाला (उपदेशाच्या मेजाला) तिला हात लावू देऊ नका. गायनवृंदाकडचं एखादं पत्र्याचं स्टँड घ्या, ते तीन पायऱ्या उतरून खाली, पहिल्या बाकासमोर ठेवा. माइक तोच, बायबल तेच, चाळीस मिनिटंही तीच. पण वरून झाला असता तो उपदेश, खालून झाली ती 'साक्ष'. कार्यक्रमपत्रिकेत 'बहिणीचे मनोगत' छापा. स्टँड हलकं असतं, बाई बोलता बोलता नकळत पहिल्या पायरीवर चढू शकते. तेव्हा एखाद्या बंधूला जवळ बसवून ठेवलेलं बरं.

शास्त्राधार विचारला तर बायबलमधलं तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय 2, वचन 12 दाखवा: स्त्रीने शिकवू नये. बोट मात्र घट्ट बाराव्या वचनावरच ठेवा. ते जरा वर सरकलं की नववं वचन लागतं, आणि तिथे वेण्या, सोनं, मोती आणि भारी कपडे यांना नकार आहे. समोरच्या बाकावर तुमच्याच सौभाग्यवती मोत्यांचा सर घालून बसल्या असतील. त्याबद्दल सांगायचं की नववं वचन हे त्या काळापुरतं, बारावं सर्वकाळासाठी. मधल्या दोन वचनांत काळ बदलला. (आमच्या मराठीत तर केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल आणलं. बाईने शिकवू नये, हेही मराठीला एका बाईनेच शिकवलं.) बायबलमध्येच प्रिस्किल्लेने अप्पुल्लोस या उपदेशकाला शिकवलं, पुनरुत्थानाची पहिली बातमी मग्दालीया मरीयेने शिष्यांना दिली, वगैरे कोणी काढलंच तर कॉफीची वेळ झाली म्हणा.

बाईचा गौरव करायचाच असेल तर ती परदेशात असावी, आणि शक्यतो दिवंगत. लॉटी मून ही साडेचार फुटांपेक्षाही बुटकी बाई 1873 साली चीनला गेली आणि जवळजवळ चाळीस वर्षं सुवार्ता सांगत राहिली. नाताळचा निधी आजही तिच्या नावाने गोळा होतो, आणि आजवर तो 5 अब्ज डॉलरांच्या वर गेला आहे. म्हणजे पाकिटावर बाईचं नाव चालतं, पाळकाच्या दारावरच्या पाटीवर चालत नाही. अ‍ॅडी डेव्हिसला हे वेळेवर कळलं नसावं. 1964 साली डरहॅममध्ये तिला पाळकपदाची दीक्षा मिळाली, सदर्न बॅप्टिस्टांतली ती पहिली. पण दक्षिणेत कुठली मंडळी मिळेना म्हणून ती पार व्हरमाँटला जाऊन पाळक झाली.

आता सगळ्यात नाजूक भाग, नीट लक्ष द्या. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वायत्त असते, वरून कोणी हुकूम सोडत नाही. हे तत्त्व छत्रीसारखं वापरायचं. कधी उघडायचं, कधी मिटायचं, ते हवा बघून. 2022 च्या चौकशी अहवालातून बाहेर आलं की चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या संदर्भात 700 हून अधिक आरोपींच्या नावांची यादी कन्व्हेन्शनच्या मुख्यालयात वर्षानुवर्षं ठेवलेली होती. कारवाई का केली नाही? मंडळ्या स्वायत्त आहेत हो, आमचे हात बांधलेले! छत्री उघडी. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक मंडळीने बायकांना पाळक केल्याबद्दल आणि लुईव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीत तीस वर्षं एक बाई पाळक असल्याबद्दल कन्व्हेन्शनने दोन्ही मंडळ्यांना बाहेर काढलं. न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात त्यांनी दाद मागितली तर सॅडलबॅकच्या विरोधात 9,437 मतं पडली आणि बाजूने 1,212. हात एकदम मोकळे. छत्री मिटलेली.

घटनेतच बायका-पाळकांवर कायमची बंदी घालायचा ठराव 2024 ला दोन-तृतीयांश मतांअभावी पडला, 2025 ला पुन्हा पडला. पण निराश होऊ नका. बाहेर काढायला त्याची गरज कुठे पडली?

शेवटी थोडा हिशेब. गुलाम बाळगणाऱ्यांनाही मिशनरी होता यावं म्हणून 1845 साली हे कन्व्हेन्शन उत्तरेतल्यांपासून वेगळं झालं. गुलामगिरीला पाठिंबा दिल्याबद्दल माफी मागितली 1995 साली, म्हणजे बरोबर दीडशे वर्षांनी. पाळकपद फक्त पुरुषांचं, हे श्रद्धेच्या निवेदनात 2000 साली लिहिलं गेलं. म्हणजे पुढची माफी 2150 साली. ऐन वेळी धावपळ नको, मसुदा आत्ताच करून फायलीत लावून ठेवा. टाइप करायला ऑफिसातल्या बाई आहेतच.