बर्फ-पाण्याचा तो शॉर्टकट चुकीचा आहे, फॉरवर्ड करू नका

दहावी-अकरावीच्या ग्रुप्सवर मेसेज फिरतोय की मिश्रणाचं तापमान काढायला दोन्ही तापमानांची सरासरी घ्यायची, बस्स, आणि उदाहरण दिलंय 0 अंशाचा 100 ग्रॅम बर्फ + 80 अंशाचं 100 ग्रॅम पाणी = 40 अंश. हे चूक आहे. बर्फ आधी वितळायला हवा ना, आणि वितळत असताना त्याचं तापमान 0 वरच राहतं, दर ग्रॅममागे 80 कॅलरी नुसत्या वितळण्यातच जातात (अप्रकट उष्मा म्हणतात तो हाच). म्हणजे 100 ग्रॅमला 8000 कॅलरी. आता पाणी 80 वरून 0 वर येताना देणार किती, तर 100 × 1 × 80 (1 ग्रॅम पाणी 1 अंशाने थंड होताना 1 कॅलरी देतं, म्हणून मधला 1), बरोब्बर 8000. सगळी उष्णता तिथेच संपली, बर्फ पूर्ण वितळला आणि उत्तर आलं 0 अंश! बर्फ 50 ग्रॅमच असता तर 4000 कॅलरी उरल्या असत्या, त्या 150 ग्रॅम पाण्याला मिळून साधारण 26.7 अंश.

सरासरी चालते, पण सारख्या वस्तुमानाचं पाणी पाण्यात मिसळलं तर, तेही भांड्याची उष्णता सोडून. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री असलं काही पाठ करतात आणि हातचे मार्क जातात, खरंच वाईट वाटतं. तो मेसेज आला तर प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांनी पाठवलाय त्यांना हे गणित पाठवा.