एमपीथ्रीची फ्लॅक केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही

नातेवाइकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: "जुन्या एमपीथ्री फाइली एफएफएमपेगने फ्लॅकमध्ये बदला, मूळ स्टुडिओचा आवाज परत मिळतो. नाहीतर 320 केबीपीएस तरी करा. कमांडने बदल केला की काहीच हरवत नाही. मग जुन्या फाइली खुशाल डिलीट करा." (एफएफएमपेग म्हणजे कमांड टाइप करून आवाज-व्हिडिओच्या फाइली बदलून देणारा प्रोग्रॅम.) शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

आधी फ्लॅक, म्हणजे आवाज साठवण्याचा एक फाइल-प्रकार. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 1411 किलोबिट (केबीपीएस) घेतो. 128 केबीपीएसची एमपीथ्री त्याच्या अकराव्या हिश्श्यात मावते, कारण कानाला सहसा जाणवणार नाहीत असे तपशील ती बनवतानाच काढून टाकलेले असतात. फ्लॅक काहीही न गमावता साठवते हे अगदी खरं. पण तिला जे द्याल तेच ती जपणार. कापलेला आवाज दिलात, तर कापलेलाच जपणार.

2011 साली आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही छोट्या रेकॉर्डरवर वेव्ह, म्हणजे काटछाट न केलेल्या, फाइलीत घेतल्या होत्या. 42 मिनिटं, साधारण 445 एमबी. सगळ्यांना पाठवायला सोपं पडावं म्हणून आतेभावाने तिची 64 केबीपीएसची एमपीथ्री केली आणि वेव्ह उडवून टाकली. उरली ती 20 एमबीची फाइल. जात्याची घरघर तीत बरी ऐकू येते, ती खालच्या स्वरातली. पण खुंटा फिरवताना आत्याच्या बांगड्या वाजायच्या, तो किणकिणाट आता पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. मेसेजमधला उपाय याच फाइलीवर करून पाहिला. फ्लॅक दोनशे एमबीच्या घरात गेली. दोन्हींचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, एफएफएमपेगनेच काढून शेजारी-शेजारी ठेवला. दोन्हीकडे 11 किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ, आणि वर, उंच स्वरांच्या जागी, नुसता काळोख. जागा दहापट गेली, बांगड्या काही आल्या नाहीत.

320 केबीपीएस केल्याने तर उलट थोडं नुकसानच होतं. एमपीथ्री उलगडून पुन्हा एमपीथ्री करायची म्हणजे आधीच काटछाट झालेल्या आवाजावर पुन्हा कात्री. आकडा वाढतो, फाइल फुगते, बाकी काही नाही.

कमांडचं म्हणणं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण एफएफएमपेग मलाही फार प्रिय आहे. 2000 साली फाब्रिस बेलार यांनी ते सुरू केलं, ते फुकट आहे आणि शेकडो फाइली एका दमात बदलून देतं. पण हरवणं-न हरवणं ठरतं ते कोडेकवर, म्हणजे आवाज फाइलीत भरण्या-उलगडण्याच्या पद्धतीवर; कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीवर नाही. व्हिडिओतून फक्त आवाज काढायचा असेल तर ऑडिओ कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहा. आतला एएसी (एमपीथ्रीसारखीच एक पद्धत) आवाज हात न लावता एमफोरए फाइलीत उतरतो, आणि कामही क्षणात होतं. तेच कोडेक न सांगता नुसतं फाइलीच्या नावापुढे एमपीथ्री लिहिलंत, तर तो मुकाट्याने पुन्हा एन्कोड होतो, आणि बिटरेट, म्हणजे केबीपीएसचा आकडा, दिला नसेल तर 128 केबीपीएसने. कमांड तीच, दोन शब्दांचा फरक.

आता डिलीट करण्याबद्दल. तुमच्याकडे मूळ वेव्ह असेल तर तिची फ्लॅक जरूर करा, जागा बरीच वाचते. मग दोन्हींतल्या आवाजाचा एमडी5, म्हणजे डेटावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, एफएफएमपेगकडूनच काढून घ्या. दोन्ही आकडे अक्षर न् अक्षर जुळले तरच वेव्ह काढा. आणि ज्याची फक्त एमपीथ्रीच उरली आहे, तिथे ती एमपीथ्री हेच आता मूळ. तिला आहे तशी ठेवा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करा, आणि फ्लॅकच्या भरवशावर ती उडवू नका.

आतेभावाचा तेव्हाचा लॅपटॉप माळ्यावर आहे, त्याची डिस्क त्यानंतर फॉरमॅट झालेली नाही म्हणतो. रविवारी ती घेऊन बसणार आहोत.