विकले नाहीत हो, हलवलेत!

शेअर एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे न्यायचे म्हणजे फॉर्म भरा, सही करा, सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला की पुन्हा करा आणि गप्प बसून वाट बघा. एक दिवस जुन्या खात्यातून शेअर गायब होतात, काही दिवसांनी नव्या खात्यात उगवतात, मधल्या काळात ते नेमके कुठे असतात हे कोणाला विचारायचं नसतं. हे सगळं सहन होतं. छळ सुरू होतो तो नंतर, म्हणजे हीच गोष्ट आपल्या पोर्टफोलिओच्या सॉफ्टवेअरला पटवून द्यायची वेळ येते तेव्हा.

त्याच्या मते माणूस शेअरच्या दोनच गोष्टी करू शकतो, घेतो किंवा विकतो. मी घेतलेही नाहीत, विकलेही नाहीत, मालक मीच, पैसा इकडचा तिकडे झाला नाही, फक्त शेअर बसायची जागा बदलली. यावर सॉफ्टवेअरचं उत्तर काय, तर लाल चौकटीत ‘कृपया किंमत भरा’. अरे कसली किंमत? दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून आली, म्हणजे एका खात्यातून गेलं की दुसऱ्यात जमा धरायचं एवढी अक्कल माणसाला पाचशे वर्षांपूर्वीच होती, ती या अ‍ॅपपर्यंत पोचायची आहे एवढंच.

बरं, भरूया किंमत. शून्य टाकली तर गुंतवणूक शून्य आणि मूल्य भरपूर, मग परतावा किती टक्के हे काढायला ते शून्याने भागायला जातं आणि त्या जागी एक आडवी रेघ मारून मोकळं होतं. एक्सआयआरआर, म्हणजे पैसे कधी गेले आणि कधी आले ते धरून काढलेला वार्षिक परतावा, तो तर निघणारच नाही, त्याला पैसे गेल्याची निदान एक आणि आल्याची निदान एक नोंद लागते. मग आजचा बाजारभाव टाकायचा? टाका. आता इतक्या वर्षांचा नफा जुन्या खात्यात ‘वसूल’ म्हणून दिसतो, जो माझ्या हातात कधी आलेलाच नाही, आणि म्हातारे झालेले शेअर नव्या खात्यात कालचे जन्मलेले ठरतात, म्हणजे उद्या विकले तर ते म्हणणार शॉर्ट टर्म, थोड्या दिवसांचा नफा! तिसरा मार्ग म्हणजे मूळ भाव, मूळ तारीख. मग सॉफ्टवेअर म्हणतं की हे खातं तर आत्ता उघडलंय, तेव्हा खरेदीला पैसे आणले कुठून, आणि रोख शिल्लक उणे दाखवून कर्जबाजारी करून सोडतं.

त्यात मूळ भाव हा एक असता तर काय हवं होतं. मी थोडे थोडे करत घेणारा माणूस, त्यामुळे एकाच कंपनीचे ढीगभर लॉट, प्रत्येकाची तारीख वेगळी, भाव वेगळा. विकताना फिफो, म्हणजे आधी घेतलेले आधी गेले असं धरायचं, त्यामुळे सगळे मिळून सरासरी भावाने एका ओळीत उरकता येत नाही, एकेक लॉट हाताने हलवावा लागतो. नव्या ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये खरेदीभावाची जागा कोरी, जुन्याच्या स्टेटमेंटमधली सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल उघडली तर दिवस आणि महिना उलटे वाचून ३ एप्रिलची खरेदी ४ मार्चला झालेली.

आणि स्प्लिट! हजारचे दहा शेअर घेतले, पुढे एकाचे दहा झाले, म्हणजे आता शंभरचे शंभर. जुन्या ब्रोकरचं स्टेटमेंट आकडा आजचा देतं पण तारीख तेव्हाची. तेच इम्पोर्ट केलं. सॉफ्टवेअरने बघितलं की तारीख स्प्लिटच्या आधीची आहे, मग आपलं कर्तव्य समजून पुन्हा दहाने गुणलं आणि हजार शेअर केले. खरं सांगतो, ते दुरुस्त करायच्या आधी मी जरा वेळ नुसता बघत बसलो होतो. इतकी श्रीमंती पुन्हा दिसायची नाही.

ही चैन फार टिकली नाही कारण मधले ते बेवारस दिवस. तेवढ्या काळात शेअर कुठल्याच खात्यात नाहीत, त्यामुळे आलेखात सरळ खाली कोसळलेला कडा, आणि अ‍ॅप आम्हा दोघांच्या फोनवर असल्यामुळे बायकोला मेसेज गेला की तुमची संपत्ती निम्म्याने घटली.

“काय केलंस तू?”

“काही नाही गं, ट्रान्सफर चालू आहे.”

“कोणाला?”

हिला समजावणं एकवेळ जमलं.

ऑफिसातला एक जाणकार म्हणाला, एवढं कशाला करतोयस, सॉफ्टवेअरमध्ये जुन्या खात्याचं नाव बदलून नव्या ब्रोकरचं टाक, संपलं. उपाय खरोखर झकास आहे, पण सगळेच शेअर हलवले असतील तर. माझे निम्मेच हललेत. शिवाय शेअरचा अपूर्णांक बहुतेक वेळा हलवतच नाहीत, तो विकून पैसे देतात, त्यामुळे ज्या कंपनीचे सगळे हलवले असं मी छातीठोकपणे सांगत होतो तिच्यातही ०.४ शेअरची एक अस्सल विक्री निघाली. सॉफ्टवेअरला किती आनंद झाला असेल.

शेवटी एकेक लॉट करत सगळं जुळवलं, आकडे पैशापर्यंत बरोबर आले. आणि मग डिव्हिडंड आला. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर त्याला डिव्हिडंड, ती नेमकी त्या मधल्या दिवसांतली. कंपनीने दिला, बँकेत जमा झाला, मी नोंदवायला गेलो तर लाल चौकट हजर, त्या तारखेला तुमच्याकडे हा शेअर नव्हता. वाद न घालता तो ‘इतर उत्पन्न’मध्ये टाकला. आता ते विचारतंय, वर्ग कोणता निवडू, बक्षीस की व्याज?