किमान उत्तर ‘असणारच’? आधी तपासा

पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये परीक्षेच्या तोंडावर एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: ‘इष्टतम (सगळ्यात कमी खर्चाचं) उत्तर अस्तित्वात आहे का, हा गणितवाल्यांचा काथ्याकूट. खर्च शून्याखाली जात नाही म्हणजे किमान असणारच. सॉफ्टवेअरने आकडा दिला की झालं. पोंत्र्यागिनच्या अटींत (इष्टतम चालीने पाळायलाच हव्यात अशा अटी) एकच उमेदवार बसला तर तोच इष्टतम. आणि निसर्ग तर कायम किमानच शोधतो.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

‘शून्याखाली जात नाही, म्हणजे किमान आहे.’ रुळावरचा एक गाडा घ्या. त्याचा वेग सेकंदाला १ मीटर पुढे किंवा १ मीटर मागे, एवढाच. थांबायची सोय नाही. सुरुवात शून्यावरून, वेळ १ सेकंद आणि खर्च म्हणजे स्थितीच्या (शून्यापासूनच्या अंतराच्या) वर्गाचं इंटिग्रल, म्हणजे सेकंदभराची एकूण बेरीज. ०.१ सेकंद पुढे, ०.१ सेकंद मागे असं चालवलं तर खर्च ०.०१ भागिले ३, म्हणजे ०.००३३३. पाळी ०.०१ सेकंदाची केली तर ०.००००३३३. पाळी दहापट लहान, खर्च शंभरपट कमी. शून्याच्या हवं तितकं जवळ जाता येतं. पण खर्च नेमका शून्य व्हायचा तर गाडा सेकंदभर शून्यावरच उभा हवा, आणि वेग शून्य हा पर्याय दिलेलाच नाही. खालची हद्द आहे, ती गाठणारं उत्तर नाही.

भूमितीतही हेच होतं. १ एकक लांबीची सुई सपाटीवर सरकवत १८० अंशांत फिरवायची, तर कमीत कमी किती जागा लागेल? आकृती कॉन्व्हेक्स (कुठल्याही दोन बिंदूंमधली रेष आतच राहील अशी) हवी असेल तर उत्तर आहे: १ उंचीचा समभुज त्रिकोण, क्षेत्रफळ सुमारे ०.५७७. ती अट काढली की जागा हवी तितकी कमी करता येते, हे गणिती बेसिकोविचने १९२८ साली दाखवलं. मात्र शून्य क्षेत्रफळात सुई फिरत नाही. म्हणजे किमान गेलं.

‘सॉफ्टवेअरने आकडा दिला.’ देणारच. ठरावीक मेशवर (वेळेचे छोटे तुकडे पाडून) गाड्याच्या चालीचे पर्याय मोजकेच असतात आणि मोजक्यांत सगळ्यात लहान सापडतोच. तो त्या मेशचा आकडा, मूळ प्रश्नाचा नव्हे. म्हणून मेश निम्मा करून पुन्हा चालवा. खर्च एका आकड्यावर स्थिरावला आणि स्विचिंगच्या (दिशा बदलण्याच्या) वेळा जागच्या जागी राहिल्या तर ठीक. वरच्या गाड्यात मात्र दर वेळी स्विचिंग दुप्पट होतं आणि खर्च चौथाईवर येतो. असं दिसलं की थांबा. हे उत्तर तसंच चाकण-भोसरीतल्या एखाद्या कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलवर चढवलं तर रिले (विजेने चालणारा स्विच) कडकडत राहील आणि त्याचे काँटॅक्ट जळतील.

दोष कुठे आहे ते गणिती फिलिपॉव्हने १९५९ साली नेमकं सांगितलं. कमीत कमी वेळेत पोचण्याच्या प्रश्नात हे तपासायचं: निदान एक चाल अटींत बसते का, नियंत्रणाचा (आपल्या हातातल्या पर्यायांचा) संच बंद (कडेचे बिंदूही धरून) आणि मर्यादित आहे का, लक्ष्याचा संच बंद आहे का, स्थिती मर्यादेत राहते का, आणि प्रत्येक स्थितीत मिळणाऱ्या वेगांचा संच कॉन्व्हेक्स आहे का. इंटिग्रल खर्च असेल तर वेग आणि खर्च एकत्र धरून कॉन्व्हेक्सपणा पाहायचा. गाडा शेवटच्या अटीवर अडतो: +१ आणि −१ आहेत, मधलं काही नाही. उपाय दोन. मधले वेग मान्य करा आणि प्रत्यक्षात ते पल्स-विड्थ मॉड्युलेशनने (झटपट अदलाबदल करून सरासरी साधत) आणा; किंवा दोन स्विचिंगमध्ये किमान अंतर, समजा ०.१ सेकंद, बांधून द्या. दोन्हींत किमान उत्तर परत मिळतं. दुसऱ्यात खर्च थोडा वाढतो, पण रिले वाचतो.

‘एकच उमेदवार, तोच इष्टतम.’ हा तर्क किती फसवा आहे ते गणिती पेरॉनच्या विरोधाभासात दिसतं. सगळ्यात मोठा पूर्णांक ‘असतो’ असं धरा. १ सोडून कुठल्याही धन पूर्णांकाचा वर्ग त्याहून मोठा, म्हणून तो १ च! ठरावीक परिघात जास्तीत जास्त क्षेत्रफळ कुठल्या आकृतीचं, यावर भूमितिज्ञ स्टाइनरने जवळपास असाच युक्तिवाद केला होता: दुसरी कुठलीही आकृती सुधारता येते, म्हणून वर्तुळ सर्वोत्तम. निष्कर्ष खरा निघाला, सिद्धता मात्र अपुरी होती.

कंट्रोलमधलं उदाहरण कागदावर करून पाहा. वेग हेच नियंत्रण, त्याला मर्यादा नाही. स्थिती सुरुवातीला आणि ४ सेकंदांनी शून्य. खर्च: वेगाचा वर्ग वजा स्थितीचा वर्ग, यांचं इंटिग्रल. पोंत्र्यागिनच्या अटींत फक्त ‘जागचं हलायचं नाही’ हाच उमेदवार बसतो, त्याचा खर्च ०. आता अर्ध्या साइन तरंगासारखी चाल घ्या. उंची १ असेल तर खर्च सुमारे −०.७६६, उंची १० असेल तर −७६.६. तळच नाही. वेळ π (सुमारे ३.१४) सेकंदांपेक्षा कमी, समजा ३ सेकंद असती, तर शून्य हेच खरं किमान ठरलं असतं. अटी तशाच, उमेदवार तोच. निकाल मात्र उलटा.

‘निसर्ग किमानच शोधतो.’ तुळशीबागेतून ६ सेंमी व्यासाच्या दोन बारीक धातूच्या बांगड्या आणा. साबणाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून दोन्ही एकत्र बुडवा, समांतर धरून हळूहळू लांब करा. मध्ये चकतीसारखा पडदा आला तर कोरड्या बोटाने फोडा. उरतो तो कमरेशी बारीक झालेला पडदा. अंतर सुमारे ३.१७ सेंमीच्या पुढे गेलं की दोन सुट्या चकत्यांचं एकूण क्षेत्रफळ त्याहून कमी असतं, तरी पडदा तसाच टिकतो. म्हणजे तो तिथे फक्त आसपासच्या आकारांपुरता किमान असतो. सुमारे ३.९८ सेंमीला तो तुटतो आणि प्रत्येक बांगडीत एक चकती उरते, कारण त्यापुढे बांगड्या जोडणारा असा आकार किमान क्षेत्रफळाच्या समीकरणालाच सापडत नाही.