एसीत बसून नाही लिहिलं

नमस्कार. कोंबडीखाद्यातल्या सोयाबीनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मुंबईत एसीत बसून शेतकऱ्यांना ज्ञान पाजळू नका. आपल्या कोंबड्या लातूरचं सोयाबीन खातात, ब्राझीलचं जंगल कशाला मध्ये आणता?" शिवाय अंड्यांच्या भावाबद्दलही काही लिहिलंत.

एक चूक आधीच कबूल करतो. लेखातला फोटो सोयाबीनचा नव्हता, उडदाचा होता. काल बदलला.

आता एसीचं. जोगेश्वरीत वडिलांचं चिकनचं दुकान होतं. शाळेतून आलो की दप्तर टाकून पिंजऱ्यांत दाणा-पाणी करायचं काम माझं. गोणीत हात घातला की मक्याचा भरडा आणि सोयापेंडीचा पिवळसर चुरा बोटांना चिकटायचा. साबणाने धुतलं तरी जेवताना वास यायचाच. लातूर जिल्ह्यात औशाकडे आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. आजोबा तिथं ज्वारी, तूर, मूग घ्यायचे. आता खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि विकतचा चारा परवडेना म्हणून काकांनी बैलजोडी विकली. त्या दिवशी मी तिथंच होतो. काकांना मी दोष दिलेला नाही, कुठल्याच शेतकऱ्याला दिलेला नाही. तसं एक वाक्य लेखात दाखवा! न वाचता आरोप करायचा आणि वर 'पाजळू नका' म्हणायचं, ही कुठली रीत? माझ्या घरात असं कुणी बोलत नाही.

ब्राझील मध्ये आणला कारण सोयाबीन सर्वांत जास्त तिथं पिकतं, आणि जगातल्या सोयाबीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जनावरांच्या खाद्यात जातो. नव्याने जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन अ‍ॅमेझॉनमधून घ्यायचं नाही, असं मोठ्या व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये ठरवलं. शेजारच्या सेराडोला, तिथल्या गवताळ, झुडपी रानाला, ते बंधन नव्हतं, आणि तिथं नांगर फिरत राहिला. लातूरचंच म्हणाल तर २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकले तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या, पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पोल्ट्रीवाल्यांनीच ती मागितली होती. म्हणजे आपला खुराडाही जगाच्या बाजाराला बांधलेला आहे.

अंड्यांच्या भावावर मी लिहिलेलंच नाही, त्यामुळे उत्तर देत नाही. पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण आधी लेख शेवटपर्यंत वाचा.