वाकडी बोटं म्हणजे जिवंत रोग नाही

भंडारा, चंद्रपूरकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: 'सावधान! कुष्ठरोगातून बरे झालो म्हणणाऱ्यांना घरोघरी चट्टे बघायला पाठवत आहेत. त्यांची बोटं बघा, रोग अंगात तसाच आहे. शिवल्याने लागतो. देश 2005 मध्येच कुष्ठरोगमुक्त झाला, आता हे सगळं पैसा खाण्यासाठी चाललंय. सरकारी गोळ्यांनी अंग काळं पडतं, घेऊ नका. अशा लोकांची जागा आश्रमात आहे, कायदाही तेच सांगतो. लेकराबाळांना जपा, पुढे पाठवा.'

माझ्या काकूने तो वाचला आणि खरा मानला. तिच्या नातवाच्या पाठीवर फिकट चट्टा आहे. तो बघायला आलेल्या, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या बाईला तिने अंगणातूनच परत लावलं. फोनवर मला म्हणाली, "पोराच्या अंगाले तिनं हात लावला असता तं?" काकू मनाने वाईट नाही, ती घाबरली आहे. माझा राग तिला घाबरवणाऱ्यावर आहे.

सगळ्यात आधी ती बोटं, कारण काकूला पटलं ते तेवढंच. कुष्ठरोगाचा जंतू कातडीत आणि नसांमध्ये वाढतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, हाताला चटका कळेनासा होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस गेली की पाऊल उचलत नाही. चेहऱ्याची गेली की पापणी पूर्ण मिटत नाही. औषधाने जंतू मरतात, पण बराच काळ निकामी राहिलेली नस पुन्हा कामाला लागत नाही. म्हणून माणूस पूर्ण बरा होतो आणि बोट वाकडंच राहतं. भाजल्याचा डाग हातावर राहिला म्हणून आग अजून पेटलेली आहे असं कोणी म्हणत नाही.

बोटं सडून गळतात हेही खोटं. बधिर हाताने चुलीवरचं भांडं उचललं, चटका बसला, कळलंच नाही. बधिर पायात काटा मोडला, त्यावरच दिवसभर चालणं झालं. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, असं वारंवार होऊन बोट झिजत जातं. दुखलं असतं तर तो माणूस वेळीच थांबला असता. बरं झालेल्या माणसाच्या पायाला पट्टी दिसते ती यामुळे. त्या जखमेतून कोणाला कुष्ठरोग होत नाही.

आता लागण. हा जंतू पसरतो तो मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांतून, तेही महिनोन्‌महिने जवळ राहिल्यावर. हात मिळवून, शेजारी बसून, एका ताटात जेवून तो लागत नाही. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद मुळातच असते. औषध सुरू झालं की त्यातल्या रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेत बहुतेक जंतू मरतात आणि त्या माणसापासून लागण होणं लवकरच थांबतं. काकूच्या दारात आलेल्या बाईचे डोस तर केव्हाच पूर्ण झालेत. तिच्यापासून त्या पोराला काही होणं शक्य नव्हतं.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. पोराच्या पाठीवरचा चट्टा कुष्ठरोगाचा निघालाच, तर तो त्याला अशा कोणाकडून तरी मिळाला असेल ज्याचं निदान अजून झालेलं नाही. तो माणूस घरातला असेल, शेजारचा असेल. त्याची बोटं सरळ असतील, त्याला स्वतःलाही पत्ता नसेल, कारण लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. मेसेजवर विश्वास ठेवून आपण बऱ्या झालेल्या बाईला हाकललं आणि त्या माणसाचा शोध बंद केला. नुकसान इथे आहे, आणि ते त्या सात वर्षांच्या पोराचं आहे.

आणि चट्टा बघायला त्याच बाईने का यावं? दवाखान्यात डॉक्टर आहेत, गावात आशाताई आहेत, मग ही कशाला, असं कोणी विचारेल. गावात राहिलेल्या कोणालाही याचं उत्तर कळेल. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. तो मांडीवर असतो, पाठीवर असतो, आणि बाई तो नवऱ्यालाही सांगत नाही, कारण लेकीचं लग्न मोडेल. ती तो दाखवते जिने हे सगळं सोसलंय तिला. काकूने परत लावलेली बाई धानपट्ट्यातलीच, स्वतः रोवणीला जाणारी. तिला मी आठवडी बैठकीत बोलताना ऐकलंय. पाय कोमट पाण्यात भिजवा, घट्टा दगडाने हलका घासा, ओल्या पायाला तेल लावा, बोटांच्या बेचक्यांत रोज बघा, एवढं तर कुठल्याही पत्रकात असतं. ती पुढचं सांगते. बधिर पायांसाठीची मऊ रबराची एमसीआर चप्पल रोवणीच्या चिखलात रुतते, बांधीत म्हणजे धानाच्या वाफ्यात ती घालून उभं राहता येत नाही. मग जिच्या पायाला जखम आहे तिने बांधीत उतरायचंच नाही, बांधावरचं काम मागून घ्यायचं. बाकीच्यांनी संध्याकाळी पाय धुऊन दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यायचे, कारण काटा लागलेला स्वतःला कळणार नाही. चुलीवरच्या सराट्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळायचं. हे बोलणं शेतातून आलंय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. कुष्ठरोग झालेल्या आणि होऊन गेलेल्या लोकांचा आरोग्यसेवेतला सहभाग कसा वाढवायचा, एवढाच त्यांचा विषय. त्या तयार करण्यात असे अनुभव असलेले लोक होते. समुपदेशन, विकृती टाळणं, लोकांची भीती घालवणं, रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोचवणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण या सगळ्यांत या लोकांना सोबती म्हणून घ्यावं असं त्या सूचना सांगतात. म्हणजे घरोघरी जाणारी ती बाई कोणाची पळवाट किंवा कोणाचं कारस्थान नाही. जगभर मान्य झालेल्या पद्धतीने ती काम करतेय.

गोळ्यांबद्दलची ओळ सगळ्यात घातक. हो, अंग काळवंडतं. क्लोफाझिमिनमुळे कातडी तपकिरी-काळी होते, रिफाम्पिसिन घेतलं की लघवी लालसर होते. हे आधी नीट समजावून सांगितलं जात नाही आणि लोक घाबरून पाकिटं फेकतात, हेही खरं आहे. पण औषध संपलं की काही महिन्यांत रंग हळूहळू परत येतो. गेलेली नस परत येत नाही. उपचार सहा महिन्यांचा किंवा बारा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात फुकट. मध्येच किंवा नंतरही कधी नसा सुजतात, चट्टे लाल होऊन फुगतात, ताप येतो. ही रिॲक्शन. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. झाडपाल्याच्या नादात घालवलेला एकेक महिना हाताची पकड घेऊन जातो.

2005 ची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त फसवी. त्या वर्षी डिसेंबरअखेर देशाची सरासरी दहा हजार लोकांमागे एका रुग्णाच्या खाली आली. याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आकडा लाखाच्या घरात असतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे तर महाराष्ट्रातले जास्त रुग्णांचे जिल्हे. देशाची सरासरी दाखवून तुमच्या गल्लीत रोग नाही असं सांगता येत नाही.

आश्रमांबद्दल. वर्ध्याजवळचं दत्तपूर 1936 चं, अमरावतीचं तपोवन 1946 चं, आनंदवन त्यानंतरचं. रोग पक्का बरा करणाऱ्या एकत्रित औषधांची, म्हणजे एमडीटीची, शिफारस झाली पुष्कळ नंतर, 1981-82 मध्ये. घरांनी बाहेर काढलेल्या माणसांना या संस्थांनी जवळ केलं. घरांनी त्यांना बाहेर काढत राहावं म्हणून त्या उभ्या राहिल्या नाहीत. आनंदवनातल्या रुग्णांनी तर वरोऱ्याचं कॉलेज स्वतःच्या हातांनी बांधून दिलं. आणि वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने 1950 च्या दशकातच गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि घरी ठेवून उपचार हा मार्ग घालून दिला. आपल्या विदर्भातच हे झालेलं आहे. कायद्याचं म्हणाल तर रुग्णांना वेगळं ठेवणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये कायद्यांतून काढून टाकलं.

राहिला पैसा. इथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते, मात्र मेसेज सांगतो त्याच्या उलट दिशेने. पैसा या लोकांपर्यंत पोचतच नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक टोपी, एक पिशवी, आणि प्रकल्प संपला की फोन उचलणारं कोणी नाही. रोवणीची मजुरी बुडवून ही बाई दारोदार फिरते आणि लोकांचं ऐकून घेते. तिला ओळखपत्र द्या, नियमित मानधन द्या, वर्षातून एकदा तरी पुन्हा शिकवा, आणि पहिल्या फेरीला आशाताईंना तिच्यासोबत पाठवा. ग्रामसभेत सरपंचांनी एकदा तिला सगळ्यांसमोर शेजारी बसवून तिचं काम सांगावं. काकूशी माझं अजून भांडण चालू आहे, पण सोमवारी ती पोराला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला तयार झाली आहे.